घरचा टीव्ही डिजिटल झाला, पण चॅनल कोण निवडतंय?

नागपूरसह ३८ शहरांत ॲनालॉग केबल बंद करायची मुदत होती ३१ मार्च २०१३. आधी आमच्याकडे एकाच वायरवर दोन खोल्यांत टीव्ही चालायचे. मग प्रत्येक टीव्हीला वेगळा सेट-टॉप बॉक्स लागला. आई म्हणाली, "मुंग्या गेल्या, पण खर्च वाढला नं!"

खरा बदल चित्रापेक्षा हिशेबात होता. आधी ग्राहक किती, हे केबलवालाच सांगायचा. बॉक्समुळे ते मोजता येऊ लागले. कोणत्या घरात कोणता चॅनल दाखवायचा, हेही ठरवता येऊ लागलं. म्हणूनच २०१९ मध्ये ट्रायच्या नियमांनी पेड चॅनल एकेक निवडायचा हक्क दिला. आमचं पॅक मात्र केबलवाल्यानेच ठरवलं होतं. घरचं बिल तपासा आणि न बघितले जाणारे पेड चॅनल काढायला सांगा.