खमंग म्हणजे किती?

आमच्या सोसायटीत मध्यंतरी रहिवाशांची नवी यादी झाली. नाव, घराचा क्रमांक, रक्तगट आणि व्यवसाय असे चार रकाने. पहिले तीन भराभर भरले. चौथ्याशी सेक्रेटरीसाहेब थबकले. "वहिनी, 'गृहिणी' लिहू ना?" त्यांनी विचारले. एवढ्यात आतून सूनबाई ओरडल्या, "काका, फूड कंटेंट क्रिएटर लिहा!" सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटले. आमचे हे वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "कंटेंट म्हणजे समाधानीच ना? मग लिहा की. एवढे तरी खरे आहे." शेवटी बरीच भवति न भवति होऊन माझ्या नावापुढे 'स्वयंपाक, मोबाइलवर' असे लिहिले गेले आणि मला ते मनापासून पटले.

एरवी या पानावर मी दर आठवड्याला एक पदार्थ सांगते आणि गप्प बसते. दिवाळी अंकात संपादकांनी जागा जास्त दिली आहे, तेव्हा यंदा पदार्थाआधी थोडे त्यामागचे सांगते.

डोंबिवलीच्या या स्वयंपाकघरात मी मोबाइलपुढे उभी राहिले ती २०१७ साली. आदल्या वर्षी मोबाइलचा डेटा एकदम स्वस्त झाला होता आणि घरोघर लोक जेवतानासुद्धा चित्रफिती बघू लागले होते. मुलाने आपला जुना फोन दिला. तो डाळीच्या तीन डब्यांवर ठेवून आणि मागे पाटा लावून मी पहिली पुरणपोळी दाखवली. यांनी टेबलावरचा दिवा हातात धरला. पुढे तिकाटणे आले, गोल दिवा आला, पण यांचा हात काही सुटला नाही. मंडळींना वाटते, केवढी मौज! मौज आहेच, पण सहा मिनिटांच्या फितीसाठी दोन तास पंखा बंद ठेवावा लागतो, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत थांबावे लागते आणि पदार्थ सर्व बाजूंनी दाखवून होईपर्यंत तो गार होतो. आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत गरम भजे कुणी पाहिलेले नाही. पाहिले आहे ते तुम्ही.

तशी ही पाककृती सांगण्याची हौस काही आजची नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वराने, 'मानसोल्लास' रचला, त्यात राज्यकारभाराबरोबर मांडे आणि वडेही आहेत. सतराव्या शतकात रघुनाथ सूरींनी 'भोजनकुतूहल' लिहिले. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली. त्यातली मापे वाटी-चमच्याची. लग्नात कितीजणींना तिची प्रत मिळाली असेल ते मोजणे कठीण. माझ्या प्रतीची पाने आता हळदीने पिवळी झाली आहेत आणि बेसनाच्या लाडवांच्या पानावर तुपाचा डाग आहे; ते पान आपोआप उघडते.

वाटीने मोठे काम केले. तिच्याआधी आमच्या आयांकडे तीन मापे होती : अंदाज, बेताने आणि खमंग. "मीठ अंदाजाने घाल, पाणी बेताने, आणि खमंग होईपर्यंत भाज." ज्याला येते आहे त्याला हे पुरेसे, ज्याला येत नाही त्याला या तिन्ही शब्दांत काहीच नाही. अंदाज आणि बेत यांना वाटीने सरळ केले. खमंग मात्र तिच्या हाती लागले नाही.

फितीखाली लोक लिहितात, त्यातून मला हे कळत गेले. लेहला नोकरीवर गेलेल्या एका मुलाने विचारले, "मावशी, तुमच्याप्रमाणेच डाळ शिजत ठेवली, दीड तास झाला, दाणा तसाच. डाळ खराब का?" डाळीचा दोष नव्हता. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी म्हणून पाणी ८८-८९ अंशालाच उकळते. खाली कितीही जाळ करा, उघड्या पातेल्यातले पाणी त्याहून तापत नाही. त्याला कुकर घ्यायला सांगितला. माझी कृती डोंबिवलीची होती, हे तोवर माझ्या लक्षातही आले नव्हते. कृतीला गाव असते असे कुणी शिकवलेच नव्हते.

आता ज्यासाठी ही सारी प्रस्तावना, ते सांगते.

२०२३ च्या श्रावणात सोलापूरहून एका गृहस्थांचा निरोप आला. "आपण म्हणता, धणे खमंग होईपर्यंत भाजा. खमंग म्हणजे किती, हे कृपया मिनिटांत कळवावे." मी हसले आणि कळवले, मंद आचेवर सहा-सात मिनिटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप : "सात मिनिटे भाजले. खमंग झाले किंवा कसे, याची खात्री कोणी करावी?" मला वाटले, कोणी तरी थट्टा करते आहे. पण थट्टा नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

गृहस्थ हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. पत्नीला सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. उजवा हात गेला, वाचा गेली. समज शाबूत. बाईंचा गोडा मसाला नात्यात प्रसिद्ध होता. दर दिवाळीला लेकीसुनांना, जावांना पुड्या जायच्या. पुडी येतेच म्हटल्यावर कुणी कृती लिहून घेतली नव्हती. आणि आता डब्याच्या तळाशी दोन बोटे मसाला उरला होता. "तो संपला की तिच्या हातचे घरात काही राहणार नाही," ते म्हणाले, आणि मग लगेच, "म्हणून मिनिटांत विचारले. क्षमा असावी."

बाईंकडे एकच शब्द उरला होता : "परत." माझा भाचा डॉक्टर आहे, त्याला विचारले. तो म्हणाला, असे होते. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसजवळच्या रुग्णालयातल्या अशाच एका माणसाचे वर्णन केले आहे. त्याला बोललेले समजे, पण स्वतः काही सांगायला गेला की 'तान' एवढेच बाहेर पडे. बाईंचे 'परत' तसे. चहा आणला की परत, लेक आली की परत, रात्री दिवा मालवला की परत. यजमानांना आधी वाटले, हिला जुन्या वाड्यात परत जायचे आहे. म्हणून रिक्षाने तिथवर नेऊनही आणले. तिथेही ती म्हणाली, परत.

मी विचारले, "वहिनींना वास येतो का हो?"

"येतो. दूध लागले तर माझ्याआधी तिची मान वळते."

"मग मला कशाला विचारता? कढई त्यांच्याकडे न्या."

त्यांनी नेली. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडली, हातात घड्याळ आणि हिशेबाची वही. चार मिनिटांनी धणे नाकाशी नेले. बाई म्हणाल्या, "परत." सहा मिनिटांनी नेले. "परत." इथे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, कारण हा शब्द स्वयंपाकघरातलाच होता, कालथा हातात दिला की त्याचा अर्थ लागत होता. नवव्या मिनिटाला बाई काही बोलल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी डाव्या हाताने कढई बाजूला सारली. वहीत नोंद झाली : 'धणे, नऊ मिनिटे, मंजूर.'

रोज एक जिन्नस. दोघांची तेवढीच शक्ती. तीळ तडतडले की पास. खसखस दोनदा नापास. खोबऱ्यावर मोठे भांडण झाले. करपेल या भीतीने हे उतरवीत आणि बाई संतापून "परत, परत" करीत, ते थेट कॉफीच्या बीसारखा रंग येईपर्यंत. मी तर केव्हाच गॅस बंद केला असता! आमचा डोंबिवलीचा मसाला त्या मानाने गोरा. शेवटी दगडफूल. ही खरे म्हणजे फूल नव्हे. दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी, बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. कोरडे हुंगले तर धुळीसारखा वास. तेलात पडले की सगळ्या घराला कळते. त्या दिवशीची नोंद त्यांनी मला वहीचा फोटो काढून पाठवली : 'दगडफूल, एक मिनिट दहा सेकंद. सौ. हसली.'

मिनिटे का पुरत नाहीत, याचे कारण आहे. भाजताना आधी जिन्नसातले पाणी जाते आणि मगच तो तांबूस व्हायला लागतो. साखर आणि नत्रयुक्त पदार्थ तापून जो रंग-वास येतो, त्याची फोड लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केली. पावसाळ्यातले धणे ओलसर, उन्हाळ्यातले कडक. कढई जाड की पातळ. गॅस मोठा की लहान. प्रत्येक वेळी मिनिटे वेगळी. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. नाक या सगळ्याची बेरीज एकदम करते.

त्याच महिन्यात मसाल्याच्या एका कारखान्याचे गृहस्थ घरी आले होते. त्यांचा तयार गोडा मसाला वापरून मी आमटी करावी आणि शेवटी 'अगदी आईच्या हातचा' एवढे तीन शब्द म्हणावेत. रक्कम अशी की बैठकीच्या खोलीची गळती थांबून वर रंगही झाला असता. मी मसाला आणवून आमटी केली. मसाला वाईट नव्हता. नोकरीवरून सात वाजता येणाऱ्या बाईने तो जरूर वापरावा. पण सोलापूरच्या दारातली ती खुर्ची मला दिसत होती आणि ते तीन शब्द तोंडातून निघेनात. मी म्हटले, "'चांगला आहे' म्हणते." ते म्हणाले, "तेवढ्याचे एवढे पैसे नाहीत." मुलाला माझे वागणे पटले नाही. "आई, भिंतीचे पोपडे निघताहेत आणि तू शब्द मोजतेस," तो म्हणाला, आणि त्याचेही अगदीच खोटे नव्हते. दोन दिवस घरात फोडणीखेरीज आवाज नव्हता. गळती अजून आहे. पावसाळ्यात बादली ठेवतो.

या कामाने मला काय दिले, असे मुलाखतीला येणाऱ्या मुली विचारतात. स्वतःच्या एकटीच्या नावाचे बँकेतले खाते दिले, हे मी पहिले सांगते. लग्नानंतर तेहेतीस वर्षांनी. पण दुसरी गोष्ट त्याहून मला नवलाची वाटते. सुरुवातीच्या फितींत मी सारखे म्हणते, "आमच्याकडे असे करतात." आमच्याकडे, म्हणजे सासरी, आणि करतात म्हणजे कोण, ते देव जाणे. कुणी नावे ठेवली तर सगळ्या घराण्याच्या आडोशाला उभे राहायची ही सोय. आता मी म्हणते, "मी असे करते." हे केव्हा बदलले ते मलाही सांगता यायचे नाही. सूनबाईंनी जुनी फीत लावून दाखवली तेव्हा कळले.

सोलापूरच्या मसाल्याचे पुढे असे झाले. डब्यातल्या जुन्या मसाल्याची आणि नव्याची अशा दोन आमट्या त्यांनी बाईंपुढे ठेवल्या. बाईंनी दोन्ही चाखल्या, नवी वाटी संपवली, जुनीकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "परत." म्हणजे 'तो मसाला परत कर', की 'हा अजून परतायला हवा होता', यावर आम्ही दोघांनी फोनवर अर्धा तास घालवला. उलगडा झाला नाही. त्यांनी दुसरा घाणा घातला, खोबरे आणखी भाजले. डब्यातला उरलासुरला जुना मसाला त्यांनी बाटलीत बंद करून ठेवला आहे. त्या दिवाळीला लेकीसुनांना पुड्या गेल्या. एक मलाही आली.

त्यांच्या परवानगीने प्रमाण देते. धणे अर्धा किलो, सुके खोबरे पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, जिरे पन्नास, खसखस पन्नास, दगडफूल वीस; दालचिनी, लवंग, मिरी, शहाजिरे, नागकेशर, बाद्यान, तमालपत्र प्रत्येकी दहा; जायपत्री पाच, खडा हिंग दहा, हळकुंड दोन. खोबरे, तीळ, खसखस आणि जिरे कोरडे भाजावेत, बाकीचे जिन्नस थोड्याथोड्या तेलात. धण्यांना नऊ मिनिटे हे सोलापूरचे, तुमचे वेगळे निघेल. खोबरे कुठे थांबवायचे ते घरात हा मसाला ज्यांनी सर्वांत जास्त वर्षे खाल्ला आहे त्यांना विचारा. त्यांना ओट्यापाशी बोलावू नका, कढई घेऊन तुम्ही जा. दळायला देण्यापूर्वी सगळे पुरते निवू द्या, नाहीतर खोबऱ्याला तेल सुटून गोळे होतात.