पत्र्याखालची माणसे आणि गारव्याचा बाजार

२२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने एअर कंडिशनरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. मध्यमवर्गाला सणासुदीची भेट म्हणून या निर्णयाचा गाजावाजा झाला. चाळीस हजारांच्या यंत्रामागे गिऱ्हाइकाचे तीन हजारांच्या आसपास रुपये वाचले. छताला टांगायच्या साध्या पंख्यावरील कर मात्र त्या दिवसापूर्वी १८ टक्के होता, तो नंतरही १८ टक्केच राहिला. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर पत्र्याखाली गरगरणारा एकुलता एक पंखा आणि मलबार हिलच्या शयनगृहातील वातानुकूल यंत्र यांना करपत्रकाने एकाच पंक्तीत बसवले. राज्यकर्त्यांना समता सुचते ती अशा ठिकाणी!

या निर्णयामागे एक विचारसरणी आहे आणि तिचा समाचार घेणे अगत्याचे आहे. घर थंड किंवा उबदार राखणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, ज्याला परवडेल त्याने यंत्र घ्यावे, ज्याला परवडत नाही त्याने मिळकत वाढेपर्यंत थांबावे, असे ही विचारसरणी सांगते. सरकारचे काम काय, तर यंत्र थोडे स्वस्त करणे. मात्र घर मुळात तापते का, ते तापणारे घर कोणाच्या धोरणाने उभे राहिले आणि त्याची किंमत आयुष्यभर कोण मोजतो, हे प्रश्न ती विचारूच देत नाही.

प्रथम हिशेब पाहावा. २०२५–२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. २००५ च्या कायद्याने हमी दिलेले शंभरच्या शंभर दिवस काम मिळाले आणि त्यातला एक पैसाही पोटात गेला नाही असे धरले, तरी हाती येतात ३१,२०० रुपये. कर कमी झाल्यावरही दीड टनाचे बेताचे यंत्र, ते बसवण्याची मजुरी, तांब्याची नळी, जाड वायर आणि वाढीव वीजभार यांचा खर्च त्यात भागत नाही. समजा भागला, तर रोज आठ तास चालणारे हे यंत्र महिन्याला तीनशेच्या घरात युनिट खाते. आणि ते बसवायचे कोठे? कुडाची भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या हातभर फटीतून गारवा जितक्या वेगाने येईल तितक्याच वेगाने निघून जाईल. कूलर त्याहून स्वस्त खरा. पण त्याला रोज घागरी-दोन घागरी पाणी हवे. जेथे बाईला हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरावे लागते, तेथे ते पाणी यंत्राला पाजायचे कोणी? शिवाय पावसाळा जवळ येऊन हवेत दमटपणा भरला की कूलर गारवा देत नाही, केवळ ओल देतो.

उरतो पंखा. पंचाहत्तर वॅटचा जुन्या पद्धतीचा पंखा दिवसाचे सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जी सवलतीची श्रेणी आहे, तिची मर्यादा वर्षाला ३६० युनिट, म्हणजे सरासरीने महिन्याला ३०. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत एकट्या पंख्याने १४४ युनिट खाल्ल्यावर उरलेल्या वर्षात दिवा, मोबाईल आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातील तोच पंखा यांचा मेळ घालत बसावे लागते. मर्यादा ओलांडली की कुटुंब सवलतीतून बाद! गरिबाने दारिद्र्यरेषेखाली राहायचे असेल तर घामाघूम होऊनच राहिले पाहिजे, असा या नियमाचा सरळ अर्थ निघतो.

आता घराकडे वळू. शहापूर आणि मुरबाडच्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, कुणबी वस्त्यांतील जुने घर कारवीच्या कुडाचे, शेणमातीने लिंपलेले, वर गवत किंवा कौले असलेले असे. माती ऊन सावकाश घेते, कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते, उंच आढ्यामुळे तापलेला थर माणसाच्या डोक्यापासून दूर राहतो आणि पुढच्या पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. या घराचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्याला वाळवी लागते, आगीची धास्ती असते, दर वर्षी कूड लिंपावा लागतो, कौले चाळावी लागतात, आणि माकडांनी फोडलेली कौले बदलता बदलता घरधनी मेटाकुटीस येतो. आदिवासीला पक्के घर हवे आहे ते सुरक्षिततेसाठी आणि प्रतिष्ठेसाठी. शहरातल्या पक्क्या घरात बसून त्याला कुडाचे सौंदर्य समजावून सांगणाऱ्यांच्या नादी समाजवादी कार्यकर्त्याने लागू नये.

प्रश्न आहे तो पक्केपणाच्या नावाखाली सरकारने काय दिले याचा. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवले आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान ठरवले. त्यानंतर सिमेंट, लोखंड, रेती आणि गवंड्याची मजुरी कोठल्या कोठे गेली. केंद्राचा आकडा तेथेच राहिला. २०२३ साली कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी प्रधानमंत्री जनमन योजनेत केंद्रानेच घरामागे २ लाख रुपये मान्य केले. २०२५ साली राज्य सरकारने घरकुलाच्या अनुदानात ५० हजारांची भर जाहीर केली. आधीच्या रकमेत घर होत नाही, याची ही सरकारी कबुलीच होय. मधल्या काळात ज्यांनी घरे बांधली त्यांचे पैसे भिंतींतच संपले आणि डोक्यावर पत्रा आला. ज्यांनी सावकाराचे देणे करून स्लॅब टाकला, त्यांच्या घरात दिवसभर साठलेली उष्णता रात्री खाली उतरते. पत्र्याची तऱ्हा आणखी वेगळी: वैशाखात तो भाजतो आणि पौषात माळशेजकडून वारे सुटले की रात्री गारठून थेंब गाळतो.

हे घर दिवसा कोणाला भोगावे लागते? कर्ता पुरुष वीटभट्टीवर किंवा आसनगावच्या गोदामात असतो. पत्र्याखाली असते ओली बाळंतीण, तान्हे मूल, क्षयाचा रोगी आणि म्हातारी माणसे. रात्री झोप न लागलेला मजूर सकाळी पुन्हा उन्हात उभा राहतो. त्याची बुडालेली मजुरी, डॉक्टरची फी आणि सलाइनचा खर्च हीच गारव्याची खरी किंमत. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण ती गरीब माणूस आपल्या देहातून चुकवतो.

यावर ठरलेली उत्तरे येतात. “या लोकांना उन्हाची सवय असते,” हे पहिले. मालकवर्गाने मजुराच्या थंडीबद्दल, भुकेबद्दल आणि अनवाणी पायांबद्दल आजवर हेच सांगितले आहे. दुसरे उत्तर बाजारवाद्यांचे: मागणी वाढली की यंत्रे आपोआप स्वस्त होतील. केंद्र सरकारच्याच २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार देशातील जेमतेम आठ टक्के घरांत वातानुकूल यंत्र होते. सर्वांना औष्णिक सुखसोय हे उद्दिष्ट त्याच आराखड्यात लिहिलेले आहे, आणि दुर्बल घटकांच्या घरांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. कागदावर सर्वांना गारवा आणि करसवलत मात्र मूठभरांच्या यंत्राला, हा दुटप्पीपणा नव्हे तर काय?

तिसरे उत्तर आपल्याच गोटातून येते. आधी भाकरी, पाणी, जमीन. घराच्या गारव्याचे लाड नंतर, असे अनेक निष्ठावंत कार्यकर्त्यांना वाटते. भाकरीचा प्रश्न सुटलेला नाही हे खरेच. पण ज्या देहाने भाकरी कमवायची तो देहच रात्रभर शिजत असेल, तर घराचे छप्पर हा मजुरीचाच प्रश्न ठरतो. गारव्याला चैन मानणे म्हणजे तो बाजाराच्या स्वाधीन करणे होय.

या दोन तालुक्यांना तर हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. एकट्या भातसाच्या जलाशयातून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भाग जातो, आणि तालुक्यातील पाडे वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहत आले. बारवीच्या धरणाखाली मुरबाडची गावे गेली आणि पाणी कारखान्यांना व नगरांना मिळाले. विजेचीही तीच कथा आहे. शहापूर तालुक्यातील चोंढे येथे, सह्याद्रीच्या कड्याखाली, २५० मेगावॉटचा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ साली कार्यान्वित झाला. मागणी कमी असते तेव्हा वीज वापरून पाणी कड्यावर चढवायचे आणि मागणी शिगेला पोचते त्या घटकेला ते खाली सोडून वीज काढायची, हे त्याचे काम. ही शिगेची मागणी चढवणाऱ्यांत महानगरांतील वातानुकूल यंत्रांचा वाटा मोठा आहे. म्हणजे शहरांच्या गारव्याची यंत्रणा शहापूरच्याच भूमीवर उभी आहे. आणि त्या भूमीवरच्या माणसाला ३६० युनिटांचा हिशेब दाखवला जातो!

उपाय अवघड नाहीत. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे झोपडपट्ट्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम घेतली. तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांचे धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रात घरकुलाच्या अनुदानात छपराची रक्कम वेगळी धरावी. उघडा पत्रा हे सरकारी घराचे छप्पर मानू नये. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे आढे, वर चुन्याचा हात, समोर पडवी यांना अंदाजपत्रकात जागा द्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले आहे. तो ग्रामसभेच्या हाती राहिला तर ठेकेदाराची गरज नाही. २०१५ पासून एलईडी दिवे स्वस्तात घरोघर पोचवता आले, तर तीस वॅटवर चालणारा नव्या पद्धतीचा पंखा प्रत्येक घरकुलाला का देता येऊ नये? तोच सोळा तासांचा वारा तो महिन्याला पंधराहून कमी युनिटांत देतो. सवलतीच्या श्रेणीत उन्हाळ्याचे युनिट मोजूच नयेत. आणि आरंभ आश्रमशाळा, अंगणवाड्या व आरोग्य उपकेंद्रे यांच्या छपरांपासून करावा, कारण तेथे मालक सरकार स्वतःच आहे आणि सबबीला जागा नाही.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत हे ठराव मांडावेत. प्रत्येक पाड्यावर किती घरांवर पत्रा आहे, किती घरे सवलतीच्या श्रेणीतून बाद झाली, याची यादी करावी आणि ती घेऊन शहापूर-मुरबाडच्या पंचायत समित्यांवर जावे. यंत्र स्वस्त झाल्याचा आनंद ज्यांना साजरा करायचा त्यांनी तो करावा. ज्यांच्या पाण्यावर आणि जमिनीवर महानगर गार झाले, त्यांना राहण्याजोगे छप्पर मिळेपर्यंत हा हिशेब पुरा झाला असे कोणी समजू नये.