आत कोण येतंय, बघा तरी!

मागच्या महिन्यातली गोष्ट. मैत्रिणीबरोबर कॅफेत बसले होते. दोघींचे लॅपटॉप उघडे, कॉफी गार. एकदम ती म्हणाली, ‘अगं, हे “स्कॅन” नावाचं फोल्डर तुझं का?’ माझंच होतं! आत पॅनकार्ड, घराचं अ‍ॅग्रीमेंट, बँकेची स्टेटमेंट्स... सगळा संसार तिच्या स्क्रीनवर.

गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. तीन महिन्यांपूर्वी नवा प्रिंटर घेतला. स्कॅन केलेले कागद थेट लॅपटॉपमध्ये यावेत म्हणून फोल्डर शेअर केलं, पण काही केल्या कनेक्ट होईना. ऑफिसातल्या एका ‘एक्स्पर्ट’ मित्राला फोन लावला. तो म्हणाला, ‘फायरवॉल बंद कर, शेअरिंगचा पासवर्ड काढून टाक.’ केलं. स्कॅन झालं, मी खूश! फायरवॉल परत चालू करायची मात्र साफ विसरले. वर कॅफेच्या वायफायला ‘प्रायव्हेट’ म्हणून मोकळी झाले होते.

फायरवॉल म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. विंडोजमधला हा वॉचमन मुळात बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो. आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा विचारत नाही. म्हणूनच एखादं नवं सॉफ्टवेअर बाहेरच्यांसाठी दार उघडू पाहतं तेव्हा ती खिडकी समोर येते: अलाऊ की कॅन्सल? आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो. नीट बघा, तिथे दोन चौकोन असतात. ‘प्रायव्हेट’ म्हणजे घरचं, भरवशाचं नेटवर्क. ‘पब्लिक’ म्हणजे कॅफे, एअरपोर्ट, हॉटेल. प्रिंटर घरी आहे ना? मग टिक फक्त प्रायव्हेटवर! आणि सॉफ्टवेअर कशासाठी विचारतंय तेच कळत नसेल, तर बिनधास्त ‘कॅन्सल’. बहुतेक सॉफ्टवेअर तरीही इंटरनेटवर चालतं. अडलंच, तर ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल’ या यादीत जाऊन नंतर परवानगी देता येते. मला तरी कुठे सगळी भिंत पाडायची गरज होती? त्या यादीतल्या ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला प्रायव्हेटवर टिक केली असती, तर काम झालं असतं.

‘माझ्या लॅपटॉपमध्ये कोणाला इंटरेस्ट?’ असं म्हणाल, तर थोडा इतिहास. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म जगभर पसरला. कोणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती, नुसतं नेटला जोडलेलं असणं पुरे! गंमत म्हणजे विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद. २००४मध्ये सर्व्हिस पॅक २ आला आणि ती आपोआप चालू राहू लागली. म्हणजे जी गोष्ट शिकायला एवढा मनस्ताप झाला, ती आपण एका फोनवर बंद करतो!

एक मात्र लक्षात ठेवा. वॉचमन सगळं थांबवत नाही. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून तुम्हीच स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकलंत, तर तो काय करणार? पाहुण्याला तुम्हीच हात धरून आत आणलंत. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रयोग नकोतच, तिथे सरळ आयटीवाल्यांना विचारा.

आता माझी फायरवॉल चालू आहे, पासवर्ड परत लावलाय, कॅफेचं वायफाय ‘पब्लिक’ झालंय. स्कॅनरही चालतोय हं! एकूण वेळ लागला दहा मिनिटं. तेवढ्यात कॉफीसुद्धा गार झाली नाही.

तुमचा वॉचमन जागा आहे ना? आज घरी गेल्यावर बघाच.