कोंबडी तळणारे पोलीस आणि बरकतीचा सल्ला

विनोदी सिनेमाविषयी लिहिताना आपल्याकडे ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ असं म्हटलं की विषय संपतो. ‘एक्स्ट्रीम जॉब’ हा कोरियन सिनेमा मात्र डोकं जागेवर ठेवून बघावा, असं माझं मत आहे. हसू तरीही येतंच.

ली ब्योंग-ह्यॉन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जानेवारी २०१९मध्ये दक्षिण कोरियात प्रदर्शित झाला. अमली पदार्थविरोधी पथकातले पाच पोलीस. कामगिरी इतकी सुमार की पथकच गुंडाळायची वेळ आलेली. एका टोळीवर पाळत ठेवायला ते तिच्या अड्ड्यासमोरचं बुडीत निघालेलं चिकनचं दुकान विकत घेतात. पथकप्रमुख त्यात आपल्या निवृत्तीचे पैसे ओततो. दुकान नुसता देखावा. पण गिऱ्हाईक आलंच तर काहीतरी द्यायला हवं. म्हणून एक जण आपल्या घरच्या हॉटेलात बरगडीच्या मटणाला लावतात तो मसाला कोंबडीला लावतो आणि दुकानासमोर रांगा लागतात.

गर्दी हटावी म्हणून ते भाव वाढवतात, तर गर्दी आणखी वाढते. संशयित समोरून निघून जातो, तेव्हा त्याच्या मागे एकटाच पोलीस धावतो. बाकीचे कढईपाशी अडकलेले, फोन उचलायलाही कुणी मोकळं नाही. पुढे फ्रँचायजी येते, तिच्या आडून ड्रग्ज विकले जातात आणि शेवटी बंदरावर तुफान हाणामारी. सगळाच येडेपणा.

हा येडेपणा कोरियात १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांनी तिकीट काढून पाहिला. देशाची लोकसंख्या जेमतेम पाच कोटींच्या वर. एवढी माणसं केवळ हाणामारी बघायला आली असतील, असं मला वाटत नाही.

कोरियात चिकनचं दुकान ही साधी गोष्ट नाही. १९९७च्या आर्थिक संकटात या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. एकदा लागलेली नोकरी जन्मभराची, हा भरवसा तेव्हा तुटला. कंपन्यांनी माणसं काढली. ऐन चाळिशी-पन्नाशीत घरी बसलेल्यांनी हाती आलेल्या रकमेतून दुकानं थाटली. चिकनला भांडवल कमी लागतं, काम लवकर शिकता येतं. अशी दुकानं २०१९च्या सुमारास ८७ हजारांच्या घरात होती. शिक्षण कोणतंही घ्या, शेवटी कोंबडीच तळायची आहे, असा विनोद तिथले विद्यार्थी करतात. त्यामुळे पडद्यावरचा पोलीस पेन्शनचे पैसे कढईत घालतो, तेव्हा थिएटरातला माणूस हसतो आणि खिसाही चाचपतो.

शेवटच्या मारामारीत पथकप्रमुख गुंडाला सुनावतो की छोटे दुकानदार जीव पणाला लावून धंदा करतात. वाक्य टाळीचं आहे, खरंही आहे. पण सिनेमा तिथे थांबत नाही. पाचही जणांना बढती मिळते आणि ते पोलीस खात्यातच राहतात. ज्याच्याकडून त्यांनी दुकान घेतलं, त्या मूळ मालकाकडे मात्र गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. त्याचं पोट त्याच कढईवर होतं. पोलिसांना बरकत आली आणि तो बुडाला, यातला फरक फक्त मसाल्याचा नव्हता. एकाला महिन्याचा पगार चालू होता, दुसऱ्याला नव्हता.

मराठी मुस्लिमांना ही गोष्ट परकी वाटू नये. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी. आपली आडनावं म्हणजे दुकानांच्या पाट्याच. मुस्लिमांची भिस्त इतरांपेक्षा स्वयंरोजगारावर जास्त आहे, पगारी नोकऱ्यांत वाटा कमी आहे आणि बँकेचं कर्जही कमी मिळतं, हे सच्चर समितीने २००६मध्येच नोंदवलं. तरीही आपल्या जलशांत तरुणांना एकच सल्ला मिळतो, ‘नोकरीच्या मागे लागू नका, धंदा करा, धंद्यात बरकत आहे.’ हा सल्ला देणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः पगारदार किंवा पेन्शनर असतात, हे मी नेहमी पाहतो.

धंद्याला माझा विरोध नाही. हातगाडी लावणाऱ्याइतकी मेहनत कचेरीत क्वचितच कुणी करत असेल. पण पेशा बदलणं ही हिमतीची गोष्ट आहे, तशीच ती हिशोबाचीही आहे. वर्षभर तोटा सोसायची ताकद, दवाखान्याचा खर्च, कमी व्याजाचं कर्ज, बुडाल्यावर परत उभं राहायची सोय. एवढं मागे असेल तर माणूस हसत हसत धंद्यात उडी घेतो. नसेल तर ती उडी नाही, ढकलणं आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी बरकतीवर भाषण करू लागलं, तर त्याला अदबीने एवढंच विचारा, ‘जनाब, पहिल्या सहा महिन्यांच्या भाड्याचं काय?’