‘पर्शियन’ म्हणजे नेमका कुठला? येरवड्याच्या गालिच्यांचा विसरलेला इतिहास

१/ न्हावा शेवा हे नाव जगभरच्या जहाजी कागदपत्रांवर आढळते. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदराचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर. तरी व्यापाऱ्यांच्या ओठी न्हावा आणि शेवा या दोन गावांचीच नावे राहिली. स्थळाचे नाव टिकणे किती मोलाचे असते, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

२/ देशाबाहेर जाणाऱ्या हस्तकलेच्या मालाची एक मोठी वाट याच बंदरातून जाते. त्यात एखादा जुना, हातगाठींचा लोकरी गालिचा असला, तर त्याची ओळख बहुधा एका शब्दात उरकली जाते: ‘पर्शियन’. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

३/ इराणची थोरवी निर्विवाद आहे. ‘गालिचा’ हा शब्दच आपल्याकडे फारसीतून आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबील गालिच्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हे वर्ष विणलेले आहे. मकसूद काशानी हे नावही आहे. म्हणजे ज्या परंपरेचे नाव आपण उसने घेतो, तिने निदान या गालिच्यावर नाव आणि साल नोंदवून ठेवले.

४/ आता पुण्याकडे या. येरवडा म्हटले की आपल्याला १९३२ चा पुणे करार आठवतो. पण त्याच तुरुंगात एकोणिसाव्या शतकापासून सक्तमजुरीचे कैदी मागावर बसून गालिचे विणत. विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांच्या प्रतिकृतीही तेथे तयार झाल्या. दख्खनचा नमुना, पुण्याचा माग, कैद्यांचे हात. यात इराण किती उरला?

५/ हा एकट्या येरवड्याचा प्रकार नव्हता. विंडसर किल्ल्यातील वॉटर्लू दालनाचा अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी राणी व्हिक्टोरियासाठी विणला. १९९२ च्या आगीतून तो वाचला. त्यावर मेजवान्या झडल्या. विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्यावर नाही.

६/ श्रमाचा हिशेब करून पाहा. १२ बाय ९ फुटांचा, चौरस इंचास १०० गाठींचा साधा गालिचा घेतला, तरी गाठी होतात १५,५५,२००. एकाच माणसाने रोज ८,००० गाठी मारल्या, असे धरले, तर १९४ दिवस. प्रत्येक गाठ उभ्या धाग्यांभोवती बोटांनी वळवायची, कापायची, ठोकून बसवायची. शिक्षेचे असे अर्धे वर्ष एका विशेषणाखाली गडप होते.

७/ बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या ‘इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर कडक टीका केली. स्वस्त कैदी-श्रमाने स्वतंत्र विणकर बुडतो आणि नक्षी बिघडते, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. पण ती कळकळ कलेसाठी होती. मागावर बसवलेल्या माणसाच्या वतीने तेव्हा फारसे कोणी बोलले नाही. म्हणून आज आपण बोलायचे.

८/ यावर उत्तर ठरलेले असते: “पर्शियन हे धाटणीचे नाव आहे. येवल्यात विणलेली पैठणीही पैठणीच ना?” अगदी खरे. पण आपण तिला अभिमानाने ‘येवल्याची पैठणी’ म्हणतो. धाटणीही सांगतो आणि गावही. मग ‘येरवडा तुरुंगात विणलेला, पर्शियन धाटणीचा गालिचा’ असे लिहायला काय हरकत आहे? ‘तुरुंग’ हा शब्द दिवाणखान्यात खुपतो, एवढेच ना?

९/ आणि नेमके मूळ सांगणे अशक्य असते, असेही नाही. अमेरिकेने २०१० मध्ये इराणी गालिच्यांची आयात रोखली, २०१६ मध्ये खुली केली, २०१८ मध्ये पुन्हा रोखली. अशा वेळी गालिचा इराणचा की भारताचा, हे कागदावर काटेकोरपणे नोंदवावे लागते. जेथे दंडाची भीती, तेथे मूळ आठवते. जेथे केवळ सत्याचा प्रश्न, तेथे विसर पडतो.

१०/ हे तातडीचे का? १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. १९३० साली विणलेला गालिचा २०३० पर्यंत कायद्याच्या लेखी साधा माल असतो. बाजार त्याला ‘विंटेज’ म्हणतो. त्या मुदतीत तो खुशाल जहाजावर चढू शकतो, आणि मूळ नोंदवले नसेल तर काय गेले, हेही आपल्याला कळत नाही.

११/ प्रत्येक जुना गालिचा अडवून ठेवा, असे माझे म्हणणे नाही. वस्तू जावी, विकली जावी. तिचा इतिहास मात्र पुसला जाऊ नये. विक्रेत्यांनी आणि संग्रहालयांनी विणकामाचे ठिकाण ठाऊक असेल तर ते लिहावे, तुरुंग असेल तर तुरुंग लिहावे. ठाऊक नसेल तर तसे म्हणावे. ‘पर्शियन’ म्हणून मोकळे होऊ नये.

१२/ तुमच्या घरी, वाड्यात, जुन्या ग्रंथालयात असा गालिचा असेल, तर तो उलटा करून पाहा. खरे विणकाम पाठीवर दिसते. गाठींची, कडांची, एखादी चिठ्ठी वा शिक्का असल्यास त्याची छायाचित्रे काढा. तो कोणी, कधी, कोठून आणला, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवा. नक्षीचे श्रेय इराणला जरूर द्या. गाठींचे श्रेय ज्यांचे त्यांनाच मिळाले पाहिजे.