वही घेऊन बसा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण एका लॅपटॉपभोवती बसलो होतो. त्यांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, किराणा दुकान चालवणाऱ्या एक वहिनी होत्या, बारावीतली दोन मुलं होती. लावलं होतं हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडल यांचं 'जस्टिस' या मालिकेतलं पहिलं व्याख्यान. सुरुवातीलाच ते कोडं घालतात: ट्रॉलीचे ब्रेक निकामी झालेत, समोर रुळावर पाच कामगार आहेत, बाजूच्या रुळावर एकच आहे, तुम्ही ट्रॉली वळवाल का? आम्ही तिथंच व्हिडिओ थांबवला. मुलं म्हणाली, वळवायची, हिशेब सरळ आहे. वहिनी म्हणाल्या, "तो एक जण आपल्या घरचा असला तर हाच हिशेब कराल का?" व्याख्यानाचा उरलेला भाग त्या दिवशी राहूनच गेला.

ही मालिका 2009 पासून इंटरनेटवर कुणालाही खुली आहे. एक पैसा पडत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या वर्गातलं साहित्य जगाला मोफत द्यायचं 2001 साली जाहीर केलं. आपल्याकडं आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 मध्ये अशाच मोफत व्याख्यानांसाठी एनपीटीईएल सुरू केलं, 2017 मध्ये केंद्र सरकारचं मोफत अभ्यासक्रमांचं 'स्वयं' हे संकेतस्थळ आलं. म्हणजे दार उघडून वीस वर्षं होऊन गेली. आपण आत जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि गेलो तरी टिकत नाही. असे अभ्यासक्रम सुरू करणारे बहुतेक जण ते पुरे करत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. मी स्वतः एका वर्षी पाच ठिकाणी नाव नोंदवलं आणि एकही तडीस नेला नाही. चूक कुठं झाली ते मला पुढं कळलं. मी ती व्याख्यानं रात्री अंथरुणात पडून, मालिका बघावी तशी बघत होतो. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. सकाळी कुणी विचारलं तर चार वाक्यं सांगता येत नाहीत.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की एकच विषय घ्या आणि वही घेऊन बसा. एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग यांनी रेषीय बीजगणित शिकवलं ते साध्या खडू-फळ्यावर. ते फळ्यावर गणित मांडू लागले की व्हिडिओ थांबवा, आधी आपल्या वहीत करून बघा, मग पुढं ऐका. पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाला दोन तास लागतील. लागू द्या. इतिहासाचा विषय असेल तर ऐकून झाल्यावर वही उघडून, पुन्हा न बघता, आठवेल तेवढं मराठीत लिहा. जे लिहिता आलं नाही तेवढंच पुन्हा ऐका.

इंग्रजीची धास्ती मी समजू शकतो. आमच्यातल्या तिघांना होती. येल विद्यापीठाचे डोनाल्ड केगन यांची प्राचीन ग्रीसवरची व्याख्यानं ऐकायची ठरली तेव्हा आम्ही आधी मराठी विश्वकोशातली ग्रीसवरची नोंद वाचली. विश्वकोशाचे खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नावं, गावं, लढाया आधी मराठीत ओळखीच्या झाल्या की इंग्रजी निम्मं सोपं होतं. शिवाय येलच्या त्या व्याख्यानांचा शब्दन् शब्द लेखी मिळतो. कागदावर काढून घ्या आणि बोट ठेवून ऐका.

घरात लहान मुलं असतील तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा. तिथं मराठी पुस्तकंही आहेत. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर ते भूमिती शिकवतात. काड्यांचा चौकोन करा, बोटानं दाबला की कलंडतो. त्रिकोण करा, हलत नाही. मग मुलाला अंगणात नेऊन छपराची कैची दाखवा. ती त्रिकोणी का असते, ते त्याचं तोच सांगेल.

पैशांबद्दल सरळ सांगतो. 'स्वयं'वर नाव नोंदवायला, व्याख्यानांना, दर आठवड्याच्या गृहपाठाला काही पडत नाही. फी असते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची. कॉलेजात त्याचे श्रेयांक मिळणार असतील तर परीक्षा जरूर द्या. नुसत्या हौसेसाठी शिकत असाल तर कागदाची घाई नको. मोफत अभ्यासक्रमाला "प्रवेश मिळवून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा. डेटा पुरत नसेल तर व्हिडिओचा दर्जा कमी करून बघा, फळा तरीही दिसतो. आणि इंटरनेटच नसेल तर 'स्वयंप्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर टीव्हीवरच दिसतात.

एकट्यानं मात्र करू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळा येतोच. तेव्हा "रविवारी येताय ना?" असं विचारणारं कुणी हवं. नवरा-बायको, सासू-सून, शेजारी, कुणीही चालेल. केगन यांची चोवीस व्याख्यानं आम्ही पुरी केली ती केवळ पोस्टमास्तर दर रविवारी पाचला खोलीचं कुलूप काढून बसायचे म्हणून.

गावोगावच्या वाचनालयांच्या चिटणीसांना माझी हात जोडून विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली उघडी ठेवा. एक जुना लॅपटॉप, एक स्पीकर आणि बसायला सतरंजी एवढं पुरतं. दारावर विषय आणि वेळ खडूनं लिहा. पहिल्या रविवारी दोघंच आले तरी कुलूप लावू नका. आमच्याकडंही पहिल्या दिवशी दोघंच होतो, वहिनी तिसऱ्या रविवारी दुकान तासभर आधी बंद करून आल्या.