ब्रोच आणि मराठीपणाचे पहारेकरी

गेल्या संक्रांतीस तिरुवल्लिकेणीतील एका मराठी घरच्या हळदीकुंकवाला एक नवविवाहित मुलगी पदरावर ब्रोच लावून आली. ‘हे विलायती फूल कशाला? आपले दागिने नाहीत का?’ असे तिला चारचौघींत ऐकविण्यात आले. बदलीच्या गावी मराठीपण जपणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या उद्गारामागे आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ब्रोच विलायती, हे मान्य. पण ‘आपल्या’ म्हणविणाऱ्या दागिन्यांची वंशावळ कोणी पाहिली आहे काय? अजिंठ्याच्या चित्रांतील राजस्त्रियांच्या नाकांत दागिना नाही. नथ आपल्याकडे उशिरा आली, हे भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी साधार मांडले आहे. शिरपेच तर नावासकट फारसी. तोच तंजावरच्या भोसले राजांच्या मस्तकी शोभला, आणि ‘मानाचा शिरपेच’ म्हणताना आमची जीभ आज अडखळत नाही.

शिवाय ब्रोच ही आधी टाचणी आहे, मग दागिना. नऊवारीचा पदर कमरेला खोचता येतो. गोल साडीचा चुण्यांचा पदर खांद्यावरून घसरतो. गर्दीच्या बसमध्ये दांडा धरून कचेरी गाठणाऱ्या स्त्रीला तो सावरण्यासाठी तिसरा हात नसतो.

१८६३ साली आय. सी. एस. झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी तेथे पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत उचलली व बंगालात नेली. खांद्यावरच्या ब्रोचसह ती तेथे प्रतिष्ठा पावली. बदलीच्या मुलखातून काही नवे घरी नेल्याने त्यांचे बंगालीपण तिळमात्र उणावले नाही.

गंमत अशी की, ब्रोचला नाक मुरडणाऱ्या कित्येक भगिनींच्या बांगडीला, क्वचित मंगळसूत्रालाही, सेफ्टीपिना अडकविलेल्या असतात. त्या पिनेचे पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली घेतले. चुण्यांत दडलेली परदेशी पिन सोवळी आणि उघडी, नक्षीची पिन तेवढी ओवळी, हा कुठला न्याय?

परमुलखात मराठीपण राखायचे, तर मुलांशी मराठीत बोलावे, त्यांना मराठी वाचावयास शिकवावे, मराठी पुस्तके विकत घ्यावीत. याला कष्ट पडतात, पैसा पडतो. परक्याच्या सुनेच्या खांद्यावर पहारा ठेवण्यास काहीच पडत नाही. आणि जे फुकट राखता येते, त्यालाच आम्ही संस्कृती म्हणू लागलो आहोत.